गुडघा कोणाच्या हाती द्यायचा?

कोणाच्याही घरी गुडघेदुखीचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन-तीन डॉक्टरांची नावं पुढे येतात. अमक्याच्या आईची वाटी त्यांनीच बदलली, आता ती जिने चढते. तमक्याच्या काकांना त्यांनीच उभं केलं. सांगणारा आपुलकीनं सांगत असतो आणि बहुतेक वेळा खरंही सांगत असतो. पण शेजारच्या काकूंचा गुडघा आणि आपल्या वडिलांचा मणका यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आपल्याला नेमकं काय झालंय हे ठरण्याआधीच शस्त्रक्रिया कोणाकडे करायची हे घरात ठरून गेलेलं असतं. आधी निदान, मग शस्त्रक्रिया खरोखर लागणार आहे का याचा विचार, आणि नाव सर्वांत शेवटी, हा क्रम पाळला तर निवड पुष्कळ सोपी होते. तरीही एका टप्प्यावर रुग्णाला हवी असलेली माहिती आपल्याकडे मिळतच नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

पात्रता तपासणं त्या मानानं सोपं आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमएस किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांची डी. ऑर्थो ही पदविका, असे हाडांच्या डॉक्टरांचे मुख्य रस्ते. तालुक्याच्या गावात हात-पाय मोडलेल्यांना वर्षानुवर्षं सांभाळणारे कितीतरी डॉक्टर पदविकाधारक आहेत. साध्या अस्थिभंगासाठी त्यांना डावलून शहर गाठण्याचं कारण नाही. प्रश्न येतो तो पाटीवर पुढे लिहिलेल्या फेलोशिपचा. हा शब्द दोन वर्षं रोज हातात हत्यार घेऊन केलेल्या शिक्षणालाही लावतात आणि परदेशातल्या मोठ्या सर्जनच्या मागे काही आठवडे उभं राहून पाहण्यालाही. म्हणून फेलोशिप कुठे केली याच्याबरोबर ती किती महिन्यांची होती हेही विचारावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी पाहता येते, तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. गोव्याची कौन्सिल स्वतंत्र आहे. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणं डॉक्टरला बंधनकारक आहे, तो नसेल तर तिथेच थांबावं.

एवढ्यानं फक्त समोरचा माणूस हाडांचा डॉक्टर आहे हे कळतं. खरी निवड पुढे आहे, कारण अस्थिरोगशास्त्राच्या आता इतक्या शाखा झाल्या आहेत की एका शाखेतला निष्णात दुसरीकडे नवखा असू शकतो. सांधेबदल, मणका, दुर्बिणीतून होणारी गुडघ्या-खांद्याची शस्त्रक्रिया, हात आणि बोटं, पाऊल-घोटा, लहान मुलांची हाडं, अपघात, हाडांच्या गाठी. मणक्याच्या शस्त्रक्रिया न्यूरोसर्जनही करतात आणि त्यात वावगं काही नाही. यांपैकी दोन ठिकाणी चुकीच्या दारात गेल्याची किंमत फार मोठी असते, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबतो.

पहिली गोष्ट गाठीची. दहा ते पंचवीस या वयात गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ वाढत जाणारी सूज असेल, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल आणि एक्स-रेमध्ये हाड पोखरल्यासारखं किंवा वेडंवाकडं वाढल्यासारखं दिसत असेल, तर तुकडा काढून तपासायची घाई जवळच्या रुग्णालयात करू नये. बायोप्सीचा छेद कुठे घ्यायचा हे पुढची मोठी शस्त्रक्रिया करणाऱ्यानंच ठरवायला हवं. सुई किंवा चाकू ज्या वाटेनं आत गेला, ती वाट पुढे गाठीबरोबर काढून टाकावी लागते. छेद चुकीच्या जागी पडला तर वाचू शकणारा पाय कधीकधी कापावा लागतो. महाराष्ट्राचं भाग्य असं, की परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या गाठींसाठी वेगळा विभाग आहे. संशय आला की एक्स-रे घेऊन थेट तिथे किंवा तशा विभागात जावं.

दुसरी गोष्ट जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाची. अमेरिकेतल्या आयोवातल्या डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी या मुलांसाठी जी पद्धत घालून दिली तीच आता जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल हलक्या हातानं थोडं सरळ करायचं आणि प्लास्टर घालायचं. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं होतात, मग बहुतेक बाळांना टाचेमागच्या शिरेवर एक लहानसा छेद लागतो, आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना पट्टीला जोडलेले बूट. हे बूट घालणं कंटाळून सोडलं की पाऊल पुन्हा वळतं, म्हणून आईवडिलांना वेळ देणारा डॉक्टर इथे मोठ्या नावापेक्षा मोलाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा बाळांना सरकारी दवाखान्यात पाठवलं जातं आणि तिथे उपचारांना पैसे लागत नाहीत. महिन्याभराच्या बाळाला कोणी पहिल्याच भेटीत मोठी शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसरा डॉक्टर गाठावा.

आता गुडघा. वाचकांपैकी बहुतेकांना याचसाठी डॉक्टर शोधायचा असतो.

ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा बदलला गेला आणि जून २००१मध्ये उजवा. न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्या शस्त्रक्रिया केल्या. रोज बातम्या येत होत्या आणि तोपर्यंत श्रीमंतांपुरती वाटणारी ही शस्त्रक्रिया घराघरात बोलली जाऊ लागली. किमती मात्र आवाक्याबाहेरच होत्या. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची सरासरी छापील किंमत तोवर १,५८,३२४ रुपये होती, ती करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आली. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी ७६,६०० रुपये ठरले. ही मर्यादा फक्त आत बसणाऱ्या सांध्याला आहे. सर्जनची फी, खोली, शस्त्रक्रियागृह, इतर साहित्य यांना ती लागू नाही, त्यामुळे दोन रुग्णालयांच्या पॅकेजमध्ये आजही लाखाचा फरक दिसतो. सांध्याचं नाव, कंपनी आणि किंमत बिलात वेगळी दाखवा म्हणून आधीच सांगावं.

पण गुडघा बदलायची वेळ आली आहे का? झिजलेल्या गुडघ्याच्या रुग्णाला चांगला डॉक्टर आधी चालायला लावतो, गुडघा वाकवून पाहतो, खुबा तपासतो (खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं) आणि एक्स-रे उभं राहून काढायला सांगतो. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट आहे त्यापेक्षा बरी दिसते. झीज उघड असलेल्या साठीच्या माणसाला एमआरआय सहसा लागतच नाही. मग मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजन, काठी, गोळ्या, असं काही महिने नेटानं करायचं. वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात वावरणं अवघड झालं असेल, तर सांधेबदलाइतका गुणकारी उपाय क्वचित सापडेल. केवळ एक्स-रे बघून, रुग्णाचं दुखणं नीट न ऐकता, तारीख देणाऱ्याकडे मात्र जाऊ नये.

‘दुर्बिणीनं आतून साफ करून घ्या’ हा सल्ला अजूनही दिला जातो, त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा दुर्बिणीतून धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडून साफ केला आणि तिसऱ्याच्या कातडीवर फक्त छेद देऊन टाके घातले. कोण कुठल्या गटात हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांच्या वेदनेत आणि चालण्यात फरक नव्हता. पुढे इतर देशांतही असेच निष्कर्ष आले आणि २०१७मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं झिजेच्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली. खेळताना लिगामेंट तुटलेल्या किंवा गादीचा फाटलेला तुकडा अडकून गुडघाच लॉक झालेल्या तरुणाची गोष्ट वेगळी, त्याला हीच दुर्बीण वरदान आहे. साठीच्या झिजलेल्या गुडघ्यासाठी कोणी ती सुचवली तर ‘याचा फायदा होतो हे कशावरून?’ असं विचारायचा हक्क रुग्णाला आहे आणि त्यानं तो वापरावा.

सांधेबदल ठरला की प्रश्न हाताचा. एखादी शस्त्रक्रिया जो सर्जन आणि जे रुग्णालय नियमित करतं, तिथे गुंतागुंत कमी होते. हे अनेक देशांत दिसलं आहे, आणि अर्धाच गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत तर फार ठळकपणे. हे कळलं ते नोंदवह्यांमुळे. स्वीडननं बदललेल्या गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ साली सुरू केली आणि खुब्यांची १९७९ साली. इंग्लंड-वेल्सची नोंदवही २००३पासून चालू आहे. तिथला रुग्ण आपल्या सर्जननं अशा किती शस्त्रक्रिया केल्या हे घरबसल्या पाहू शकतो. अशाच नोंदींच्या आधारे २०१९मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासातून कळलं की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. आपल्याकडे सांधेबदल सर्जनांच्या राष्ट्रीय संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे आणि सामान्य रुग्णाला तिचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये संकेतस्थळावर मिळणारी माहिती आपल्याला ओपीडीत तोंडी विचारावी लागते. गेल्या वर्षभरात नेमकी हीच शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्यात? त्यातल्या किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती गुडघे पुन्हा उघडावे लागले? माझं ऑपरेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्हीच करणार ना?

हे विचारताना आपली जीभ अडखळते. डॉक्टरांना राग येईल, उद्या त्यांच्याच हाती आपला पाय आहे, ही भीती खरी आहे आणि मला ती समजते. तरी विचारावंच. स्वतःच्या कामाचा हिशेब ठेवणारा सर्जन शांतपणे आकडे सांगतो, आणि ‘माझ्याकडे संसर्ग होतच नाही’ असं म्हणणाऱ्यानं बहुधा हिशेब ठेवलेलाच नसतो. उत्तम हातांतही शंभरातल्या एखाद्या गुडघ्याला संसर्ग होतो. साधारण पाचांतला एक रुग्ण गुडघा बदलल्यावर पूर्ण समाधानी नसतो, हेही शस्त्रक्रियेआधी सांगणारा डॉक्टर मला विश्वासाचा वाटतो. मांडी घालता येईल का, उकिडवं बसता येईल का, वारी पायी होईल का, असे आपल्या जगण्यातले प्रश्न असतात. त्यांची नेमकी उत्तरं मागावीत. मांडीच्या बाबतीत बहुतेक सर्जन ‘टाळा’ म्हणतात, आणि ज्याचं पूजेचं, जेवणाचं आयुष्य जमिनीवर गेलंय त्याला हे आधी कळलेलं बरं.

सध्या जाहिराती रोबोच्या आहेत. यंत्रानं हाडाचे काप अधिक अचूक बसतात हे खरं. मात्र दक्षिण कोरियात जुन्या पिढीच्या रोबोवर झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत किमान दहा वर्षांनंतर रोबोचे आणि हातानं बसवलेले गुडघे वापरात आणि टिकाऊपणात सारखेच निघाले. नवी यंत्रं वेगळी आहेत, त्यांचा दहा वर्षांचा हिशेब यायला वेळ लागेल. केवळ रोबो आहे म्हणून अनुभवी सर्जन सोडून जाऊ नये आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. दोन्ही गुडघे एकदम बदलण्याचं तसंच. खर्च आणि रजा वाचते, पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यासाठी धोका वाढतो. तो निर्णय भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी तपासल्यावरच व्हावा. ते दोघं शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा भेटणार असतील तर उशीर झालेला आहे. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, दुसऱ्या दिवशी उभं करायला फिजिओ येणार का, घरी गेल्यावर जखम लाल झाली तर रात्री फोन कोण उचलणार, याही गोष्टी सर्जनच्या नावाइतक्याच पाहाव्यात.

मणक्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतो तो एमआरआयचा कागद. ‘गॅप आलाय, नस दबलीय’ असं त्यावर वाचून माणूस हादरतो. १९९४ साली अमेरिकेत पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर त्यांच्यापैकी ६४ टक्के लोकांच्या मणक्यातल्या चकत्यांमध्ये काही ना काही बिघाड दिसला. म्हणजे वयाबरोबर केस पिकावेत तसे हे बदल होतात, दुखण्याशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. पायात जाणारी कळसुद्धा बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. राहिली तर शस्त्रक्रियेचा गुण पायाच्या कळेला जास्त येतो, नुसत्या कंबरदुखीला कमी. फोटो बघून नव्हे तर पायाची ताकद, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया तपासून बोलणारा डॉक्टर इथे हवा. अपवाद एकच: लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली शक्ती झपाट्यानं जाणं. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

अपघातात तर निवडीला वाव नसतो. हाड कातडीबाहेर आलंय, बोटं गार किंवा निळी पडलीत, अशा वेळी १०८ला फोन आणि जवळचं सुसज्ज रुग्णालय. प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन जितकं लवकर तितकं बरं. आजी घसरून खुबा मोडला तर आपण मुंबई-पुण्यातलं नाव शोधण्यात चार-पाच दिवस घालवतो आणि त्या दिवसांत तिला न्यूमोनिया, पाठीला जखमा, रक्तात गुठळ्या होतात. अशी शस्त्रक्रिया शक्यतो दीड-दोन दिवसांच्या आत व्हावी हे जगभर मान्य आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर मिळालेला साधा सर्जन तिथे सर्वोत्तम ठरतो. हाडवैद्याकडे जाण्यामागे गरिबी आहे, अंतर आहे, पिढ्यांचा विश्वास आहे, हे समजून घेऊनही सांगावं लागेल की घट्ट बांधलेल्या कामट्यांनी रक्तपुरवठा तुटून हात गमावलेली मुलं शस्त्रक्रियागृहात येत असतात. मुलाचं कोपर दुखावलं असेल तर त्याला चोळू तर मुळीच देऊ नये. चोळल्यानं स्नायूत हाड तयार होतं आणि कोपर कायमचं आखडतं.

पैशाची बाजू. आपल्या फॅमिली डॉक्टरनं नाव सुचवलं तर ते का सुचवलं हा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनं निषिद्ध केलं आहे. २०१७ साली राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला, कायदा मात्र झाला नाही. २०१६मध्ये डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या पुस्तकात अशा गैरव्यवहारांबद्दल डॉक्टरांच्याच साक्षी मांडल्या. त्यामुळे दुसरं मत असं घ्यावं की दुसऱ्या डॉक्टरचा पहिल्याशी आणि शस्त्रक्रियेच्या उत्पन्नाशी संबंध नसेल. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली ओपीडी त्यासाठी उत्तम, रांग लांब असली तरी. दुसऱ्या मतासाठी लागणारे उपचारांचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा त्याच आचारसंहितेचा नियम आहे.

पैसे नाहीत म्हणून पाय गेला असं होऊ नये, एवढी तरतूद कागदावर आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का हे तिथे कळतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मोठमोठ्या चकचकीत रुग्णालयांपैकी कितीतरी धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. २०२१च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायला हवी. ती दिसली नाही तर मागावी.

आणि शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या डब्यावरचं स्टिकर आपल्या फाइलमध्ये आलंय ना हे बघावं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीनं ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत घेतला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं. भारतात हा खुबा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं पुढाकार घेऊन प्रकरण लावून धरलं, पुढे केंद्रानं समिती नेमली, नुकसानभरपाईही ठरली. पण बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. आपल्या खुब्यात काय बसवलंय हेच त्यांना माहीत नव्हतं.

माहितीच्या या अभावावरचा इलाज राज्याच्या हातात आहे आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. सरकारी योजनेतून होणाऱ्या सांधेबदलाच्या दाव्याबरोबर शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे एक्स-रे, रुग्णालयाचं नाव, सांध्याचा तपशील हे सगळं आजही जमा होतं. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटीच्या परिषदेत सर्जन आपले आकडे एकमेकांपुढे मांडतातच. कोणत्या रुग्णालयात किती गुडघे बदलले आणि त्यांतले किती पाच वर्षांत पुन्हा उघडावे लागले, एवढे दोनच स्तंभ आरोग्य विभागानं दरवर्षी मराठीत जाहीर करावेत, खासगी रुग्णालयांना त्यात माहिती भरणं सक्तीचं करावं, आणि सुरुवात पुणे, मुंबई, नागपूर या तीन शहरांपासून करावी.